सुकी राख, ओली राख

कोळसा जळून गेल्यावर जे उरतं त्याला सगळे राखच म्हणतात, पण विटेच्या कामात हा एक शब्द पुरत नाही. चिमणीच्या आधी धुरातली धूळ पकडणारं यंत्र असतं, त्याच्या खालच्या हॉपरमधून, म्हणजे नसराळ्यासारख्या टाकीतून, पडते ती सुकी राख. ती मैद्यासारखी मऊ असते आणि बल्करमध्ये, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकमध्ये, भरली की पाण्यासारखी वाहते. बॉयलरच्या तळाशी पडते ती जाडी, खरखरीत बॉटम ॲश. आणि पाण्यात कालवून पाइपातून बंधाऱ्यात सोडलेली, वर्षानुवर्षं साचून बसलेली ती ओली राख, तिला सगळे पॉण्ड ॲश म्हणतात. या तिघींचा स्वभाव वेगळा आहे. एकीचा हिशेब दुसरीला लावला तर वीट साच्यातून छान निघते आणि महिन्याभराने कडेने झडायला लागते.

भुसावळला कोळसा नवा नाही. वाफेच्या इंजिनांचं शेड इथे होतं, कोळसा भरणारे आणि फायरमन यांच्या पगारावर गल्ल्याच्या गल्ल्या जगल्या. इंजिनं डिझेल-विजेवर गेली तेव्हा त्या हातांना दुसरं काम शोधावं लागलं. जवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रातही तेच चालू आहे, फक्त सावकाश. तिथला पहिला वीजनिर्मिती संच १९६८ सालचा, त्यानंतर २१० मेगावॉटचे दोन संच १९७९ आणि १९८२ सालचे, मग २०१२-१४ च्या सुमारास ५०० मेगावॉटचे दोन. त्यातले पहिले दोन आता बंद आहेत, आणि शेजारी ६६० मेगावॉटचा नवा उभा राहिला आहे. म्हणजे कोळसा अजून येतोच. पण जुना संच बंद होतो तेव्हा त्याच्या कोल हँडलिंगवरचे म्हणजे कोळसा हाताळणारे, राख काढणारे, सफाईचे कंत्राटी कामगार सगळ्यांत आधी बाहेर पडतात, कारण त्यांचं नाव कायम यादीत नसतंच. फेकरी, निंभोरा, वेल्हाळे, वरणगाव या पट्ट्यात अशा माणसांना हाताशी असलेला कच्चा माल एकच, राख. तिच्यापासून वीट करायचा कारखाना कसा उभा राहतो आणि कुठे फसतो, ते इथे लिहितो आहोत.

आधी राख किती आहे ते पाहू. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर ८,४०० टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३५ ते ४० टक्के, म्हणजे एका संचाची रोजची राख ३,००० टनांच्या आसपास. दिवसाला ६,००० विटा पाडणाऱ्या कारखान्याला त्यातली साडेदहा टन पुरते. आकडा पाहून वाटतं, राख जन्मभर पुरेल. पण चांगली बारीक सुकी राख सिमेंटवाले आधी उचलतात. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, आणि त्यांचे बल्कर रांगेत पुढे असतात. शिवाय संच देखभालीला उभा राहिला की हॉपर रिकामे होतात, आणि संच कायमचा बंद झाला तर त्याची सुकी राख त्याच दिवशी संपते. मागे उरते ती तलावातली ओली राख. आज सुक्या राखेवर चालणाऱ्याने ओल्या राखेची वीट आजच शिकून ठेवावी, हे आमचं ठाम मत आहे. खालचा बराचसा मजकूर त्यासाठीच आहे.

कागदपत्रांचं काम फार अवघड नाही, फक्त क्रम चुकवू नये. आधी जागा, मग उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी, जीएसटी, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, विजेचं औद्योगिक कनेक्शन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत राखेच्या विटांचा कारखाना पांढऱ्या, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषणाच्या गटात ठेवला होता. तरी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. राखेसाठी वीज केंद्राकडे अर्ज करताना हीच कागदं लागतात. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची. २००९ च्या दुरुस्तीत किमान २० टक्के सुकी राख वीट कारखान्यांना मोफत द्यावी असं आलं, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने १०० टक्के राख वापरात आणण्याची जबाबदारी वीज केंद्रावर टाकली. त्याच अधिसूचनेत तलावात साचलेली जुनी राखही १० वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे. ओल्या राखेचा अर्ज लिहिताना हा मुद्दा जरूर लिहावा. राख फुकट मिळाली तरी गाडी फुकट नसते. भरणी, वाहतूक, वजनकाटा सगळं धरून टनाचा भाव काढा, आणि काट्याची प्रत्येक पावती जपा. पुढच्या वर्षीचा कोटा त्यावरच मागता येतो.

भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला (अनुसूचित जाती-जमाती, महिला वगैरे) ३५ टक्के अनुदान आहे. पण ते अनुदान सुरुवातीची तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं, हातात येत नाही. हप्ते पूर्ण कर्जाच्या हिशेबाने धरावेत.

जागेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. २१ दिवस पाणी मारायचं, रोज ६,००० विटा, म्हणजे आवारात एका वेळी नुसत्या पाण्याखालच्याच सव्वा लाख विटा उभ्या असतात. चौरस मीटरला अडीचशे विटांची थप्पी धरली तरी ५०० चौरस मीटर नुसत्या थप्प्या, आणि ट्रॅक्टर फिरायला तेवढीच मोकळी जागा. म्हणजे दहा गुंठे यातच गेले. राखेची शेड, डस्टचा (खडी क्रशरच्या भुकटीचा) ढीग, मशीन, पाण्याची टाकी धरून वीस गुंठ्यांपेक्षा कमी जागेत हे काम सुरू करू नये. जागा विहिरीच्या किंवा नाल्याच्या काठावर नको. राखेत जड धातूंचे अंश असतात आणि पावसाचं पाणी ते खाली नेतं.

आता राखेची पारख. गाडी रिकामी करण्याआधी हे करायचं. चिमूटभर राख बोटांत चोळायची. मैद्यासारखी लागली तर बारीक, बाजरीच्या पिठासारखी कचकचली तर जाडी. रंग फिकट करडा हवा. काळपट राखेत न जळलेला कोळसा जास्त असतो. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर राख ढवळायची आणि पाच मिनिटं ठेवायची. वर काळा थर तरंगला तर तो न जळलेला कोळसा. पांढरे बारीक कण तरंगले तर घाबरायचं कारण नाही, ते राखेतले पोकळ मणी असतात. बारीकपणासाठी ४५ मायक्रॉनची एक चाळणी विकत घेऊन ठेवावी. १० ग्रॅम राख तिच्यावर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायची, मागे राहिलेला गाळ तव्यावर वाळवून तोलायचा. आयएस ३८१२ या भारतीय मानकाप्रमाणे ३४ टक्क्यांपेक्षा जास्त मागे राहता कामा नये, म्हणजे ३.४ ग्रॅमवर गाडी परत. राख भट्टीत तापवल्यावर वजनात जळून होणारी घट ५ टक्क्यांच्या आत हवी. ही चाचणी प्रयोगशाळेत महिन्यातून एकदा करून घ्यावी. न जळलेला कोळसा पाणी पितो आणि बांधणी होऊ देत नाही, आणि विटेवर काळे ठिपके दिसायला लागतात ते त्याचेच.

हॉपरही एकसारखे नसतात. धूर शिरतो त्या पहिल्या रांगेत जाडी राख जास्त आणि पुढच्या रांगांत बारीक. गाडी कुठल्या रांगेची भरली हे ड्रायव्हरला विचारून वहीत लिहून ठेवायची सवय लावली तर पुढे वीट का बिघडली याचं उत्तर वहीतच सापडतं.

आपल्या दगडी कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना फार थोडा असतो. त्यामुळे नुसती राख पाण्यात कालवून दाबली तर ती वाळलेला चिखलच राहते. राखेतली काचेसारखी सिलिका आणि बाहेरून दिलेला चुना यांची पाण्यात हळूहळू गाठ पडते, तीच विटेची ताकद. हा चुना दोन वाटांनी देता येतो. एक वाट चुना आणि जिप्समची: राख ६०, डस्ट २५, विरवलेला चुना १०, जिप्सम ५. दुसरी सिमेंटची: राख ५८, डस्ट ३३, सिमेंट ९. पहिल्या प्रकारासाठी आयएस १२८९४ आणि दुसऱ्यासाठी आयएस १६७२० हे मानक आहे. चुन्याची वीट स्वस्त पडते आणि महिन्यांमागून महिने पक्की होत जाते. पण चुना बहुतेक राजस्थानातून येतो, आणि त्याचा कस प्रत्येक गाडीला बदलतो. गोणी उघडी राहिली की हवेनेच मरतो. न विरलेला एखादा खडा राहिला तर भिंतीत गेल्यावर तो फुलतो आणि विटेचा टवका उडतो, तोही प्लास्टरसकट. म्हणून पहिली दोन वर्षं सिमेंटचीच वीट करावी. हात बसला, चुना तपासायची सोय झाली, की मग चुन्याकडे वळावं.

डस्ट म्हणजे खडी क्रशरची भुकटी, काळ्या दगडाची. आपल्याकडे ती मुबलक आहे. मात्र ६ मिलिमीटरच्या वरचे खडे चाळून काढावेत आणि माती मिसळलेली डस्ट घेऊ नये. मूठभर डस्ट बरणीत पाण्यात ढवळून ठेवावी. वर जाड गढूळ थर बसला तर क्रशरवाल्याने वरची माती मारली आहे. कोळसा खाणींच्या बाजूला वाळूची सोय वेगळी झाली आहे. नागपूरजवळ गोंडेगावच्या खाणीत कोळशावरचे उपसलेले माती-दगड (ओव्हरबर्डन) धुऊन वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने वाळू काढली. तिकडच्या खाणगावांना ही वाट चांगली आहे, पण खान्देशापर्यंत त्या वाळूचं भाडं परवडत नाही. आपली डस्टच बरी.

हजार विटांचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ९ इंच बाय ४ इंचांच्या घरातली, ३ इंच जाडीची (२३० बाय ११० बाय ७५ मिलिमीटर) वीट सुकी सुमारे ३ किलो भरते. हजाराला ३ टन माल: राख १,७४० किलो, डस्ट ९९०, सिमेंट २७०, म्हणजे ५० किलोच्या साडेपाच गोण्यांना थोडं कमी. ३०० किलोच्या पॅन मिक्सरमध्ये एक घाणा असा: राख १७४ किलो, डस्ट ९९, सिमेंट २७, आणि पाणी सुमारे २७ लिटर. एका घाण्यात शंभर विटा. घाण्याला सहा मिनिटं धरली तर आठ तासांत ८० घाणे, कागदावर ८,००० विटा. मशीन विकणारा हाच आकडा सांगतो. साचा साफ करणं, वीज जाणं, चहा-जेवण धरून ६,००० झाल्या तर कारखाना चांगला चालला समजावं आणि कर्जाचा हिशेब ६,००० वरच मांडावा.

माल घमेल्याने मोजू नका. सुटी सुकी राख आणि दबलेली राख यांच्या वजनात एका घमेल्याला पाव भागाचा फरक सहज पडतो, आणि सगळं गणित तिथेच बिघडतं. साधा २०० किलोचा काटा मिक्सरशेजारी पक्का बसवून प्रत्येक घाणा तोलावा.

मिक्सरमध्ये आधी राख आणि सिमेंट कोरडंच दोन मिनिटं फिरवायचं, मग डस्ट, मग पाणी झारीने थोडं थोडं. एकदम पाणी ओतलं की राखेच्या गोळ्या होतात आणि गोळ्यांच्या आत सिमेंट शिरत नाही. तयार माल मुठीत दाबायचा. लाडू वळला पाहिजे, बोटांना पाणी लागता कामा नये. लाडू दोन बोटांनी मोडला तर त्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, बोटांचे ठसे ओले चमकले तर जास्त. पाणी पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात घाणा संपवायचा. मे महिन्यात अर्धा तासच. जेवणाच्या सुट्टीत मिक्सरमध्ये माल ठेवून गेलात तर परत पाणी घालून तो वापरू नका. त्या विटा हाताला ठीक लागतात, पण दाबाखाली आधी त्याच फुटतात.

प्रेसवर तीन गोष्टी रोज पाहायच्या. साच्याच्या पट्ट्या झिजल्या की वीट मिलिमीटर-दोन मिलिमीटरने फुगते आणि कडेला पातळ कान निघतात. वीट पोटात आडवी चिरली, पापुद्र्यासारखी, तर दाब फार जलद आला आणि हवा आत अडकली. दाब दोन टप्प्यांत द्यायचा. ताजी वीट उचलताना कोपरा सुटत असेल तर माल कोरडा आहे. पॅलेटवर, म्हणजे ताज्या विटा ठेवायच्या फळीवर, चार विटा बसत असतील तर ६,००० विटांना दिवसाला १,५०० पॅलेट लागतात, आणि त्या चोवीस तास अडकून राहतात. मशीनबरोबर येणाऱ्या दोन-तीनशे पॅलेट पाहून खूश होऊ नका, १,८०० तरी हव्यात.

खान्देशात वीट बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यावाचून. मशीनवर लाखो रुपये घालणारे पाण्यावर कसे काय हात आखडतात, हे आम्हाला अजून समजलेलं नाही. पहिले २४ तास विटेला वारा आणि ऊन दोन्ही लागू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी थप्पी लावायची, चार थरांपेक्षा उंच नको. आठवड्याने आठ थरांवर न्यायची. दुसऱ्या दिवसापासून पाणी. पावसाळ्यात दोन वेळा चालतं, हिवाळ्यात तीन वेळा, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दिवसा दर दोन तासांनी. उष्णता तशी मदतच करते, तिने राख आणि चुन्याची गाठ लवकर पडते, पण वीट ओली असेल तरच. एकदा पुरती सुकली की ते काम थांबतं, आणि नंतर कितीही पाणी मारलं तरी गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. म्हणून थप्पी गोणपाटाने झाकायची, वर केळीच्या रोपवाटिकेत असते तशी हिरवी शेडनेट टाकायची. पश्चिमेकडची बाजू आधी सुकते, तिकडे दुप्पट गोणपाट. सकाळी हात लावून पाहायचं. गोणपाट कोरडं लागलं तर रात्रीचं पाणी चुकलं आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा उलट अडचण येते. पाणी असूनही वीट सावकाश पिकते, त्या विटांना २१ ऐवजी २८ दिवस पाणी मारावं.

पाणी रोज आठ-दहा हजार लिटर धरावं. बोअरचं पाणी जड असेल तर विटेवर पांढरी बुरशीसारखी खार येते. ती ब्रशने जाते; पण घासूनही परत परत आली तर पाणी बदलायला हवं. थप्प्यांखाली फरशी उतरती करून सांडलेलं पाणी टाकीत परत घेतलं तर निम्मं वाचतं, मात्र ते मिक्सरमध्ये वापरू नये.

तपासणीत आडमुठेपणा बरा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. एक मीटरवरून कठीण जमिनीवर पाडली तर फुटू नये. २४ तास पाण्यात ठेवून तोलली तर सुक्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायलेली नसावी. खरी परीक्षा दाबाच्या मशीनवर. वर्ग ७.५ च्या विटेने चौरस मिलिमीटरला साडेसात न्यूटन दाब सोसायचा असतो. २३० गुणिले ११० म्हणजे २५,३०० चौरस मिलिमीटर. त्याला साडेसातने गुणलं तर एका विटेवर साधारण १९ टन. जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ही चाचणी होते. दर ५० हजार विटांमागे एकदा करावी, तारीख घातलेल्या विटांवर करावी, आणि निकाल वाईट आला तर तो लॉट कुंपणाच्या भिंतीलाही विकू नये. या पट्ट्यात पहिल्या काही वर्षांत कच्च्या विटा विकल्या गेल्या आणि त्याची किंमत नंतरच्या सगळ्यांनी मोजली. 'राखेची वीट भुगा होते' हे वाक्य अजून ऐकू येतं ते त्यामुळे.

गवंड्याशी बोलणं हाही या कामाचाच भाग आहे. "भाऊ, ही वीट मसाल्यावर घसरते" ही तक्रार पहिल्याच दिवशी येते. लाल वीट हौदात बुडवून लावायची सवय असते. राखेची वीट बुडवली तर ती जास्तीचं पाणी धरून बसते आणि मसाला सुटतो. तिला लावण्याआधी नुसता शिडकावा पुरतो. मसाला एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, सांधा १० मिलिमीटर, आणि दिवसाला एक-सव्वा मीटरपेक्षा जास्त भिंत चढवायची नाही. वीट गुळगुळीत असते, म्हणून सांधे १० मिलिमीटर खोल खरवडून, भिंतीवर सिमेंट-वाळूचा पातळ फटकारा मारून मगच प्लास्टर. वीट मापात एकसारखी असल्यामुळे १२ मिलिमीटर प्लास्टर पुरतं, लाल विटेला ते १८-२० लागतं. घरमालकाला ही बचत दाखवली की वीट खपते. आणि २८ दिवसांच्या आतली वीट साइटवर पाठवायची नाही, कितीही गरज सांगितली तरी. कच्ची वीट भिंतीत गेल्यावर आकसते, मग भिंतीत उभी भेग पडते आणि दोष गवंड्याच्या माथी येतो.

आता तलावातली राख. भाताच्या खाचरात पाणी सोडलं की जड माती तोंडाशी बसते आणि गाळ दूर जातो, इथेही तसंच. पाइपच्या तोंडाजवळची राख वाळूसारखी जाडी, सांडव्याजवळची फार बारीक पण चिखल. दोन्ही टोकं सोडून मधल्या पट्ट्यातली उचलावी. वरचा फूटभर थर, त्यातल्या मुळ्या आणि गवत, बाजूला सारायचं. ही राख पाण्यात बसून तिच्यातला होता तो थोडा चुनाही गेलेला असतो, आणि कण एकमेकांना चिकटून जाडे झालेले असतात. म्हणून ती सुक्या राखेच्या जागी तशीच घातली तर वीट कच्ची राहते. तिला निम्मी डस्ट आणि निम्मी राख समजावं. सुरुवातीला मिश्रण असं: सुकी राख ३४, ओली राख ३०, डस्ट २५, सिमेंट ११. सुकी अजिबात मिळत नसेल तर ओली ६०, डस्ट २८, सिमेंट १२. सिमेंट ९ चं १२ टक्के झालं म्हणजे हजारामागे ९० किलो, जवळजवळ दोन गोण्या जास्त. त्या १२ मधले तीन-चार टक्के सिमेंट काढून तेवढा विरवलेला चुना दिला तर खर्च उतरतो, पण वीट उशिरा पिकते.

सगळ्यात मोठी अडचण ओलाव्याची. वरच्या पहिल्या मिश्रणात ३०० किलोच्या घाण्यात ओल्या राखेचं सुकं वजन ९० किलो. तिच्यात सुक्या वजनाच्या ३० टक्के पाणी असेल तर ती आपल्याबरोबर २७ लिटर आणते, म्हणजे पूर्ण घाण्याचं पाणी तिच्यातच आलं. वरून थेंबही घालता येत नाही. नुसत्या ओल्या राखेच्या मिश्रणात ती १८० किलो लागते, तिथे सुक्या वजनाच्या १५ टक्के ओलाव्यालाच २७ लिटर भरतात. त्याहून ओली असली तर साच्यातून वीट नव्हे, लापशी निघते. म्हणून तलावातून आणलेली राख उतारावर ढीग करून आठ-दहा दिवस निथळू द्यायची, मग फरशीवर पसरून उलथायची. रोज सकाळी १०० ग्रॅम राख तव्यावर खडखडीत वाळवून परत तोलायची. ८५ ग्रॅम भरली तर १५ ग्रॅम पाणी, म्हणजे सुक्या वजनाच्या जवळजवळ १८ टक्के. मग १०० किलो सुकी राख हवी असेल तर ओली ११८ किलो तोलायची आणि मिक्सरच्या पाण्यातून १८ लिटर वजा करायचे. हे गणित भिंतीवर खडूने लिहून ठेवलेलं बरं.

ओल्या राखेच्या विटेची परीक्षा २८ दिवसांवर थांबवू नका. प्रत्येक नव्या मिश्रणाच्या अठरा विटा पाडायच्या, तारीख आणि प्रमाण खिळ्याने कोरायचं, सहा विटा २८ दिवसांनी, सहा ५६ दिवसांनी आणि सहा ९० दिवसांनी मशीनवर फोडायच्या. २८ व्या दिवशी कमी पडलेलं मिश्रण पुढे चढतं का, हे पाहिल्याशिवाय ते टाकून देऊ नये. तशीच २८ व्या दिवशी पास झालेल्या एका लॉटवर वर्षाचं कंत्राटही घेऊ नये.

राखेची धूळ फुप्फुसात बसते, सिलिकेचे बारीक कण परत निघत नाहीत. उपरणं तोंडाला बांधून हे थांबत नाही, एन-९५ मास्क लागतो, आणि मिक्सरवर राख ओतणाऱ्याला तो सक्तीचा हवा. सुकी राख बंद बल्करमधूनच उतरवायची. उघड्या ट्रॅक्टरमध्ये आणली तर वरून पाणी आणि ताडपत्री. मे महिन्यातल्या वावटळीत उघडा ढीग शेजारच्या केळीच्या पानांवर जाऊन बसतो, आणि त्या शेतकऱ्याने तक्रार केली तर तो बरोबर असतो. ढिगाभोवती सहा फुटांची शेडनेट आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा एवढं तरी हवंच. सिमेंट हाताळणाऱ्यांना रबरी हातमोजे द्यावेत, नाहीतर दोन आठवड्यांत बोटांच्या पेरांना चिरा पडतात.

वर्षाचं वेळापत्रक तलावाप्रमाणे लावावं लागतं. पावसाळ्यात तलावात गाडी उतरत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आतली राख चाकं गिळते. खोदाई जानेवारी ते मे. दिवसाला ६,००० विटा नुसत्या ओल्या राखेवर पाडायच्या तर सुक्या वजनाने ११ टन राख लागते. जून ते डिसेंबर महिन्याला १५ दिवस जरी काम चाललं तरी हजार-बाराशे टन साठा मेअखेर आवारात यायला हवा. तो उंचवट्यावर, खाली मुरूम दाबून, भोवती चर खणून, वर ताडपत्री दोरीने बांधून ठेवायचा. रोहिणी नक्षत्राचा पहिला वळीव येण्याआधी ताडपत्रीचे सांधे एकदा पाहून घ्यावेत. पाणी एका सांध्यातून शिरलं तरी अर्धा ढीग परत निथळायला टाकावा लागतो.